बाबुईचा फोंटा

बंगालातल्या चंदननगरच्या मोदक आडनावाच्या मिठाईवाल्यांकडे सकाळी भट्टी पेटवायच्या आधी एक प्रश्न विचारला जायचा. हाराधन कारागिराचे केस त्याच दुकानाच्या धुरात पांढरे झाले होते. चपला दाराबाहेर काढता काढताच तो विचारायचा, "आज दा की दी?"

"दी," म्हणजे दीदी, असं उत्तर आलं की दिवसभर बाबुईदी. "दा," म्हणजे दादा, असं आलं की बाबुईदा. आणि क्वचित कधी "आज राहू दे," असं आलं, की नुसतंच बाबुई. एवढं कळलं की सगळे आपापल्या कढईला लागायचे.

पन्नाशी उलटलेल्या बाबुईला सारं गाव असंच ओळखत होतं. कधी सुती तांताची साडी नेसून गल्ल्याशी बसलेली, तर कधी लुंगी आणि फतुआ, म्हणजे आखूड सदरा, घालून कढईपुढे घाम पुसत उभा. एखादा नवा भाडेकरू डोळे फाडून बघत राहायचा. मागचं गिऱ्हाईक त्याला म्हणायचं, "बघा हवं तेवढं, पण रांग सोडू नका." आठवडाभरात त्याचंही बघणं संपायचं. गोड खाणाऱ्या गावाचं एक बरं असतं, तोंड सदा भरलेलं असल्यामुळे ते नको तिथे फार बोलत नाही. तेव्हा या गोष्टीतही तसंच. ज्या दिवशी बाबुई जे, त्या दिवशी ते.

मोदकांच्या घरात मुलगी नव्हती. सुधामय थोरला आणि बाबुई धाकटं, दोन्ही मुलगेच, निदान सुईण तरी तसंच म्हणाली होती. एका भाईफोंट्याच्या सकाळी छोटा सुधामय अंगणात रुसून बसला. भाईफोंटा म्हणजे आपली भाऊबीजच. बहीण डाव्या हाताच्या करंगळीने भावाच्या कपाळावर चंदनाचा ठिपका देते, त्या ठिपक्याला फोंटा म्हणतात. त्याने यमाच्या दारात काटा पडतो आणि भावाचं आयुष्य वाढतं. गल्लीतल्या सगळ्या पोरांची कपाळं चंदनाने माखलेली, आणि याचं कोरडं. तेव्हा बाबुई ओढणीएवढ्या गमछ्याची साडी करून आली आणि म्हणाली, "दादा, आज मी बहीण आहे. मी देते." आई हसली, मग आत जाऊन चंदन उगाळू लागली. तेव्हापासून दादाचं कपाळ कधी कोरडं राहिलं नाही.

अडचण एवढीच होती की दिवस काही पंचांग बघून उगवत नाही. काही वर्षी भाईफोंट्याच्या सकाळी बाबुई जागा व्हायचा तो चक्क भाऊ म्हणून. अशा वर्षी तो मुकाट्याने साडी नेसायचा, फोंटा द्यायचा आणि कुणाला काही बोलायचा नाही. दादाचा केवढा विश्वास त्या ठिपक्यावर. त्याला कसं सांगायचं की आज तुला बहीण नाही?

गेल्या वर्षीही तसंच झालं होतं. आणि या श्रावणात दादा गल्ल्यावर बसल्या बसल्या छाती धरून कोसळला. वाचला, घरी आला, पण अर्धा होऊन आला. जिने चढायचे नाहीत, ओरडायचं नाही, आणि मोदकांच्या घरात जन्माला येऊन गोडाला हात लावायचा नाही. बाबुईच्या मनाने तेव्हा जे घेतलं ते घेतलंच. खोटा फोंटा दिला, यमाच्या दारात काटा पडलाच नाही, यम सरळ आत आला. यंदा पुन्हा खोटा गेला तर दादा गेला.

कालीपूजेच्या आदल्या दिवशी दादाची मुलगी तोर्षा कोलकात्याहून आली. ही मोठी हुशार आणि तितकीच बडबडी. लहानपणापासून दीच्या दिवशी "पिशी", म्हणजे आत्या, आणि दाच्या दिवशी "काका" म्हणत आलेली. तिला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आता कॉलेजात तिचा एक मित्रमैत्रिणींचा घोळका होता. तिथे प्रत्येक जण आधी नाव सांगायचा आणि मग आपण कोण आहोत त्याचा शब्द सांगायचा. तोर्षाने त्यांना बाबुईबद्दल सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, मग त्यांचा शब्द काय? तोर्षाला उत्तर देता आलं नाही, आणि आपल्या माणसासाठी आपल्याकडे एक शब्द नसावा याचं तिला फार वाईट वाटलं. म्हणून या खेपेला ती पिशवीतून कपड्यांबरोबर दहाबारा शब्द घेऊन आली होती.

त्या दुपारी बाबुई दी होती. भाईफोंट्याचं काम अंगावर आलेलं. लाकडी साच्यात संदेश मिठाईचा गोळा दाबायचा, उलटा करून थापटायचा, शंखाच्या आकाराचा संदेश ताटात. तोर्षा समोर मांडी घालून साचे पुसून देत होती.

"एक शब्द आहे," ती म्हणाली. "त्याचा अर्थ, वाहतं. म्हणजे एका जागी न थांबणारं."

"वाहतं? मी काय रसगुल्ल्याचा रस आहे, मडकं कललं की वाहायला?"

"बरं, मग अर्धं-अर्धं. अर्धनारीश्वरासारखं."

"अर्धं कशाला? आज मी सबंध बाई आहे. काल सबंध पुरुष होतो. अर्ध्यामुर्ध्याने का कुणाचं पोट भरतं?"

"तिसरं?"

"पहिलं कोण आणि दुसरं कोण ते आधी ठरवून या म्हणावं. मग माझा नंबर लावा."

तोर्षाने हसू दाबलं. "दोन्ही नाही, असाही एक आहे."

बाबुईचा हात थांबला. "हा बाजूला ठेव. हा राहू-दे म्हणायच्या दिवसाचा आहे. गेल्या सोमवारी मी तसंच होतं." मग गोळा साच्यात दाबत म्हणाली, "अजून सांग."

चपलांच्या दुकानात बसल्यासारखी बाबुई एकेक शब्द पायात घालून बघत होती. हा अंगठ्याला चावतो, हा टाचेला सैल. तोर्षाला वाटलं होतं, पिशी थट्टेवारी नेईल आणि दुसऱ्या शब्दाला उठून जाईल. पण ती "अजून, अजून" करत राहिली. शेवटी तोर्षानेच विचारलं, "पिशी, तुला एवढी कसली घाई आहे गं?"

बाबुईने दाराकडे बघितलं. दादा आतल्या खोलीत झोपला होता. तिने आवाज खाली आणला.

"मला असा शब्द हवा जो रोज चालेल. सकाळी मी कुणीही म्हणून उठले तरी तो तोच राहील. आणि त्या शब्दाला फोंटा देता आला पाहिजे." आणि तिने गेल्या वर्षीचं सांगितलं, त्याच्या आधीच्या वर्षांचं सांगितलं, यमाच्या दाराचं सांगितलं.

असल्या समजुतींवर तोर्षाकडे एरवी भाषण तयार असायचं. तिने तोंड उघडलंही, आणि मिटलं. श्रावणात इस्पितळाच्या बाकावर बसून बापासाठी तिने स्वतः कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल केलं होतं, ते तिचं तिला ठाऊक होतं.

"बाबांना सांगितलंस?"

"काय सांगू? आधीच त्याचं काळीज कामातून गेलंय. उरलंसुरलं मी बंद पाडू?"

दुसऱ्या दिवशी बाबुई दा होता. तोर्षा सकाळीच भट्टीपाशी हजर, कालचा विषय तिने सोडला नव्हता. "काका, मला एक सांग. सकाळी उठल्यावर तुला कळतं कसं?"

बाबुई कढईतला छेना, म्हणजे नासवलेल्या दुधाचा चोथा, लाकडी उलथण्याने फिरवत होता. "पाक आला हे कसं कळतं? घड्याळ लावून कळत नाही. कुणी सांगूनही कळत नाही. हाताला कळतं. हे बघ, हाच छेना, हीच साखर. आता उतरवला की नरमपाक, जिभेवर ठेवला की गेला. अजून थोडा फिरवला की कडापाक, चार दिवस टिकेल. आपण ठरवून काही होत नाही. पाक येतो तेव्हा येतो."

"मग तसंच म्हणूया की," तोर्षा म्हणाली. "दाच्या दिवशी तू कडापाक आणि दीच्या दिवशी नरमपाक."

मागे साखर चाळणारा हाराधन एवढ्या जोरात हसला की त्याला ठसका लागला. "उलटं, पोरी, साफ उलटं. दी असली की कडापाक. मागे साखरवाल्याने वजनात मारलं, तेव्हा हिने त्याला असा धारेवर धरला की बिचारा स्वतःचा तराजू इथेच विसरून गेला. आणि हा दा? गिऱ्हाइकाचं मूल रडलं तरी याच्या डोळ्यांत पाणी. फुकट दोन संदेश हातावर ठेवतो. दाच्या दिवशी याला गल्ल्यावर बसवायची सोय नाही."

"खोटं बोलू नका, हाराधनदा. दोन नाही, एकच देतो," बाबुई म्हणाला. पण त्याचं उलथणं संथ झालं होतं. "नरमपाक," तो पुटपुटला. "आज मी नरमपाक." पुन्हा एकदा म्हणून बघितलं. कुठे चावत नव्हतं, कुठे सैल नव्हतं. लहानपणापासून तोंडात असलेले शब्द, पण स्वतःवर कधी ठेवून बघितले नव्हते.

"आणि सोमवारी?" तोर्षाने विचारलं.

"सोमवारी छेना अजून फडक्यातच," बाबुई लगेच म्हणाला. "टांगलेला, पाणी निथळतंय. त्याचं अजून काही झालेलं नाही आणि त्याला घाईही नाही." आणि तो एकदम हसला, मनापासून. श्रावणापासून तोर्षाने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं की तिने कढईतलाच गरम संदेश उचलून तोंडात टाकला आणि जीभ भाजून घेतली.

दिवसभर दुकानात तोच खेळ. हाराधनने संध्याकाळपर्यंत आपल्या बायकोला, म्युनिसिपालटीच्या मुकादमाला आणि स्वतःलाही पाक वाटून टाकले. पण भट्टी विझवताना बाबुई पुन्हा तिथेच आला.

"शब्द मिळाले गं," तो तोर्षाला म्हणाला. "पण रोज चालेल असा एक नाही मिळाला. फोंटा कडापाकच देणार. परवा नरमपाक उजाडला तर मी काय करू?"

"दोन्ही संदेशच ना, काका?"

"खाणाऱ्याला. यमाला त्यातलं काय कळतंय?"

भाईफोंट्याच्या आदल्या रात्री त्याने उशाशी साडीची घडी ठेवली, की डोळे उघडताच तीच दिसावी. सकाळी ती दिसली. फार सुंदर लाल काठाची साडी, वहिनीने, म्हणजे त्याच्या बौदीने, खास आणलेली. आणि ती दुसऱ्या कुणाची तरी आहे असं त्याला वाटलं. नरमपाक. शंकाच नको.

खाली दुकानापुढे रांग लागली होती. अंगणात तोर्षा दूर्वांवरचं दव वाटीत गोळा करत होती, चंदन त्यातच उगाळायचं असतं. बाबुईने साडी हातात घेतली. इतक्या वर्षांचा सराव होता, निऱ्या डोळे मिटून घालता येत होत्या. अर्ध्या निऱ्या घातल्या आणि तो थांबला. आजवर जे निभावलं ते आज हाताला येईना. आधीच्या वर्षी निदान याला काही नाव नव्हतं, नाव नसलेल्या गोष्टीबद्दल गप्प बसणं सोपं जातं. आज नाव होतं. परवाच हौसेने ठेवलेलं नाव आज साडीखाली दडपायचं म्हणजे स्वतःच्याच तोंडावर हात दाबण्यासारखं होतं. त्याने निऱ्या सोडल्या, साडीची नीट घडी केली, फतुआ चढवला आणि जिना उतरला.

दादा आसनावर बसला होता. नवा पंजाबी कुर्ता त्याच्या खांद्यांवरून ओघळत होता, इतका तो वाळला होता. समोर समई, ताटात धान, दूर्वा, चंदन. बौदी शंख हातात धरून तयार. बाबुईला फतुआत बघून तिच्या भुवया वर गेल्या.

बाबुई समोर बसला. "दादा, आज मला देता येणार नाही."

"का रे?"

"आज मी बहीण नाही." आणि मग एका दमात, "गेल्या वर्षीही नव्हतो. साडी नेसलो होतो, पण नव्हतो. त्याच्या आधीही दोनचारदा. मी तुला फसवलं. म्हणून श्रावणात ते झालं."

बौदीची नजर नवऱ्याच्या छातीवर. दादा मात्र शांतपणे कुर्त्याची बाही वर सारत होता.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"अरे, कपाळ माझं आहे ना? दी असलीस की अशी दाबतेस की खड्डा पडावा. दा असलास की करंगळी थरथरते आणि चंदन नाकावर येतं. गेल्या वर्षी नाकावर आलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर पुढच्या वर्षी तू दिला नसतास. आणि मला हवा होता." दादा थोडा थांबला, आताशा बोलतानाही त्याला दम लागायचा. "श्रावणात मी पडलो तेव्हा मला पाठीवर घालून छेन्याच्या गाडीत कुणी टाकलं?"

"मी. पण तेव्हा मी दी होते."

"बरोबर. फोंटा दिला दाने, पाठीवर घेतलं दीने. दोघांनी मिळून मला यमाच्या हातातून ओढून काढलं, आणि तू इथे खरं-खोटं करत बसलायस. काटा यमाच्या पायात घुसल्याशी कारण. तो बाभळीचा की बोरीचा, हे काय तो खाली बसून बघणार आहे? दे लवकर. उपाशी आहे मी."

बाबुईला हुंदका आवरेना. तसाच त्याने डाव्या करंगळीने चंदन घेतलं आणि दादाच्या कपाळावर टेकवलं. दरवर्षीचे शब्द म्हणाला, अडखळत म्हणाला. बौदीने शंख फुंकला. चंदनाचं व्हायचं तेच झालं, नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं. बाबुई पाया पडायला वाकला, दादाने धान-दूर्वा घेऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात तिथेच थांबला.

"बाबुई," दादा म्हणाला, "तू भाऊ असायचास त्या वर्षी तुला कोण देत होतं रे?"

बौदीने शंख हळूच खाली ठेवला.

"कुणी नाही," बाबुई म्हणाला. चहा झाला का, असं कुणी विचारल्यावर सांगावं तसं त्याने सांगितलं. खरं म्हणजे त्याच्या स्वतःच्याही हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

दादाचा चेहरा कसनुसा झाला. "इतकी वर्षं मी तुझ्यासमोर कपाळ पुढे करत आलो. तुझं कपाळ बघितलंच नाही मी." तो जमिनीवर हात टेकून उठू लागला. तोर्षा धावली, त्याने तिला बाजूला केलं. "ये. बस इथे."

"अहो, भाऊ कुठे भावाला देतो?" बौदी म्हणाली, पण म्हणता म्हणताच चंदनाचं ताट तिने उलट्या बाजूला फिरवलं होतं.

"भावाने दिलेला मला चालला. मग याला का चालू नये?"

बाबुई आसनावर बसला. दादाने उजवी करंगळी पुढे केली, तोर्षाने बोटाने दाखवल्यावर डावी केली. चंदनात बुडवली. आणि मग तो अडला. जन्मभर ऐकलेले शब्द त्याला पाठ होते, पण म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"काय म्हणू रे तुला? भाऊ म्हणू? बहीण म्हणू? की तुमचं ते पाकाचं काय चाललंय, हाराधन सांगत होता, ते म्हणू?"

बाबुईने दोन दिवस रोज चालेल असा शब्द शोधला होता. तो आताही सुचला नाही, आणि नवल म्हणजे त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"आज भाऊ म्हण," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी विचार."

"म्हणजे पुढच्या वर्षी मला असायला हवं," दादा म्हणाला.

"असायलाच हवंस."

"बरं," दादा म्हणाला, आणि त्याने फोंटा दिला.